वसाहतकालीन दक्षिण आफ्रिकेतील चलन: फलक-प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२४

प्रदर्शनाचा कालखंड १७८२ ते १९६१ असा आज निश्चित केला. १७८२ मध्ये केप वसाहतीत पहिल्या कागदी नोटा निघाल्या आणि १९६१ मध्ये पौंड, शिलिंग, पेनी ही पद्धत (एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स) जाऊन रँड आला. या दोन टोकांच्या दरम्यान डच ईस्ट इंडिया कंपनी, ब्रिटिश सरकार, बोअरांची म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची प्रजासत्ताके, ब्रिटिश खाणमालक व राजकारणी सेसिल ऱ्होड्सची सनदी कंपनी, पोर्तुगीज आणि जर्मन अशा अनेक सत्तांनी या भूभागात आपापले चलन चालवले. झांबेझी नदीच्या दक्षिणेकडील प्रदेश ही प्रदर्शनाची भौगोलिक मर्यादा आहे. मोझांबिकचा उत्तर किनारा तिच्या बाहेर पडतो, तरीही तो घेतला आहे, कारण तेथील व्यवहार बराच काळ भारतीय रुपयात होत असे.

नाणेसंग्राहकांच्या याद्या आणि लिलावांची वर्णने वाचताना एक गोष्ट सतत खटकते. दुर्मिळ सोन्याच्या नाण्यांवर पानेच्या पाने खर्च होतात, पण लाखो लोकांच्या हातांतून झिजत गेलेल्या साध्या शिलिंगाबद्दल दोन ओळीही सापडत नाहीत. नाणे पाडण्याचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ते नाणे कोणाला, कशासाठी आणि किती कष्टाने मिळवावे लागत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. फलकांची मांडणी या दुसऱ्या प्रश्नाभोवती करण्याचे ठरले आहे. मांडणी पाहणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र हे पूर्णपणे पटलेले नाही. प्रेक्षक सोने पाहायला येतो, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही.

१९ जानेवारी २०२४

केपच्या फलकाचा मजकूर लिहून झाला. १६५२ मध्ये यान फान रीबेक याने टेबल बेच्या काठी डच ईस्ट इंडिया कंपनीचा तळ उभारला, तो आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजीपाला आणि मांस पुरवण्यासाठी. ज्या बंदरात जगभरची जहाजे थांबतात तेथे जगभरची नाणीही उतरतात, त्यामुळे स्पॅनिश रिआल, डच डुकाटोन, तांब्याचे डॉइट आणि भारतातून परतणाऱ्या खलाशांचे रुपये व पॅगोडा हे सारे केपच्या बाजारात एकत्र नांदत होते. हिशेब मात्र रिक्सडॉलरमध्ये ठेवला जाई. एका रिक्सडॉलरचे आठ शिलिंग, म्हणजे डच भाषेतील स्खेलिंग, आणि एकूण ४८ स्टायव्हर होत.

चौथ्या इंग्रज-डच युद्धामुळे (१७८०-१७८४) हॉलंडहून येणारी नाणी थांबली आणि वसाहतीत रोकडच उरली नाही. तेव्हा गव्हर्नर योआखिम फान प्लेटेनबर्ग याने १७८२ मध्ये हाताने लिहिलेल्या, शिक्का मारलेल्या नोटा काढल्या. नाणी आली की या नोटा परत घेतल्या जातील, असे तेव्हा गृहीत धरले होते. प्रत्यक्षात नोटा घेण्याऐवजी नव्या काढणे सोपे आहे, हे कंपनीच्या लगेच लक्षात आले. १७९३ मध्ये स्थापन झालेल्या लोम्बार्ड बँकेने तर जमीन, घरे आणि दागिने तारण ठेवून याच कागदी पैशात कर्ज देण्याची सोय केली. ही दक्षिण आफ्रिकेतील पहिली बँक होती आणि तिच्या कर्जांमुळे कागदी चलनात भरच पडत गेली.

१७९५ मध्ये ब्रिटिशांनी केप घेतले, १८०३ मध्ये ते बटाव्हियन प्रजासत्ताकाला, म्हणजे तेव्हाच्या डच राज्याला, परत दिले आणि १८०६ मध्ये पुन्हा जिंकले. प्रत्येक सत्ताबदलात नव्या सत्तेने जुन्या नोटा मान्य केल्या आणि आपल्याही त्यात मिसळल्या. ब्रिटिशांनी आणलेली तांब्याची जाडजूड पेनी येथे दोन स्टायव्हरांना चालू लागली. बटाव्हियन काळात आलेल्या, जहाजाचे चित्र असलेल्या चांदीच्या गुल्डनवर १८०२ हे साल आहे. ही नाणी एन्खौझन येथील टांकसाळीत पाडली गेली होती आणि फलकावर जहाज दाखवायचेच असेल तर तेच दाखवावे असे मला वाटते.

रिक्सडॉलरची मूळ किंमत चार ब्रिटिश शिलिंग धरली जाई. कागदी नोटांच्या पुराने ती घसरत गेली आणि १८२५ मध्ये लंडनने जेव्हा ब्रिटिश चांदी हेच सर्व वसाहतींचे चलन करण्याचे धोरण आखले, तेव्हा केपमध्ये रिक्सडॉलरचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा कायमचा बांधून टाकला. बाजारात तेव्हा हाच दर चालू होता, हा सरकारचा बचाव. पण ज्याने पूर्वी चार शिलिंगांच्या भावाने शंभर रिक्सडॉलर कर्जाऊ दिले होते, त्याचे २० पौंड एका हुकुमासरशी साडेसात पौंडांवर आले. इतका मोठा बट्टा सावकारांनी निमूट सोसला नाही. अर्ज, तक्रारी आणि शिष्टाई बरीच झाली, पण दर बदलला नाही. ज्यांच्याकडे कर्जाऊ देण्याइतकी रोकडच नव्हती त्या खोईखोई (केपचे मूळ रहिवासी) मजुरांचा आणि गुलामांचा या अर्जांत कोठेही उल्लेख नसणे हे साहजिकच म्हणावे लागेल. केपमध्ये गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि नुकसानभरपाई मालकांना मिळाली, तीही स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश पौंडांत.

३० जानेवारी २०२४

ग्रिक्वाटाउनच्या नाण्यांना किती जागा द्यायची, यावर आज बराच वेळ गेला. लंडन मिशनरी सोसायटीने जॉन कॅम्बेल या मिशनऱ्याच्या पुढाकाराने ऑरेंज नदीपलीकडील ग्रिक्वा लोकांसाठी १८१५-१६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये नाणी पाडून घेतली. त्यावर चोचीत डहाळी धरलेले कबुतर आहे; चांदीची दहा आणि पाच पेन्सची, तांब्याची अर्ध्या आणि पाव पेनीची. दक्षिण आफ्रिकेतील समाजासाठी मुद्दाम पाडलेली ही सर्वांत जुनी नाणी, म्हणून त्यांचा बोलबाला मोठा आहे. ती प्रत्यक्ष चलनात किती फिरली यावर अभ्यासकांत वाद आहे आणि माझा कल शंका घेणाऱ्यांकडे आहे. गुरे, हस्तिदंत आणि कातडी यांच्या अदलाबदलीवर चालणाऱ्या गावाला पाव पेनीची गरज भासण्यापूर्वी तिने विकत घेण्यासारखे काही असणारे दुकान लागते.

याउलट ईस्ट ग्रिक्वालँडमधील स्ट्रॅकन आणि कंपनी या व्यापाऱ्यांनी १८७४ पासून आपल्या दुकानांसाठी काढलेले तीन पेन्स ते दोन शिलिंग मूल्याचे बिल्ले खरोखर हातोहात फिरले. सरकारी सुटे पैसे उमझिमकुलूच्या परिसरात पोहोचतच नव्हते, आणि दुकानदाराचा बिल्ला शेजाऱ्याने स्वीकारला की तोच पैसा ठरत होता. मिशनच्या कबुतरापेक्षा दुकानाचा बिल्ला मोठ्या आकारात छापायचा, असा निर्णय घेतला.

९ फेब्रुवारी २०२४

झोपडीकराचा फलक हा प्रदर्शनाचा कणा आहे, म्हणून येथे घाई केली नाही.

पूर्व किनाऱ्यावरील नाताळ या वसाहतीत ब्रिटिशांनी १८४९ मध्ये प्रत्येक झोपडीमागे वर्षाला सात शिलिंग कर बसवला. या व्यवस्थेमागे थिओफिलस शेपस्टोन हा अधिकारी होता. झुलू कुटुंबात प्रत्येक पत्नीची झोपडी वेगळी असे, त्यामुळे तीन झोपड्यांच्या घराला वर्षाला २१ शिलिंग द्यावे लागत. सुरुवातीला हा कर गुरांच्या रूपातही घेतला जाई, पण सरकारला गुरे सांभाळायची नव्हती, नाणी हवी होती. १८७५ मध्ये दर दुप्पट, म्हणजे १४ शिलिंग झाला आणि त्याच घरावर ४२ शिलिंगांचा बोजा आला. हे शिलिंग शेतात पिकत नाहीत. धान्य विकून, नाहीतर गोऱ्या शेतकऱ्याकडे, बंदरात, रेल्वेच्या कामावर किंवा खाणीत मजुरी करूनच ते मिळवता येत होते.

हा परिणाम करातून योगायोगाने झाला, असे समजण्याचे कारण नाही. केपमधील ग्लेन ग्रे जिल्ह्यासाठीच्या १८९४ च्या कायद्यात केपचा तेव्हाचा पंतप्रधान ऱ्होड्सने तो उघडपणे लिहूनच टाकला: वर्षातून तीन महिने जिल्ह्याबाहेर मजुरी न करणाऱ्या पुरुषाने दहा शिलिंग श्रमकर भरावा. त्याच वर्षी त्याच्या कंपनीने ऱ्होडेशियात दहा शिलिंगांचा झोपडीकर लावला. वसाहतवादी लिखाणात याला आफ्रिकी माणसाला 'कामाची सवय लावणे' म्हणत. ज्यांनी शतकानुशतके गुरे राखली, ज्वारी पिकवली आणि लोखंड वितळवले, त्यांना कामाची सवय नव्हती, असा याचा अर्थ होतो.

याच सुमारास बुळकांडी आली. १८९६ मध्ये झांबेझी ओलांडून दक्षिणेकडे उतरलेल्या या रोगाने एक-दोन वर्षांत बहुतांश गुरे मारली. गाय-बैल हीच तोवर या समाजांची शिल्लक, तारण आणि लोबोला म्हणजे वधूमूल्य देण्याचे साधन होते. बुळकांडीने ती शिल्लक नाहीशी केली, कर मात्र जसाचा तसा राहिला आणि खाणींच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसांची संख्या वाढली. इतिहासाच्या पुस्तकांत रोगराई, करपद्धती आणि नाणी ही वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. फलकावर ती शेजारी शेजारी यावीत म्हणून खाली वर्षांची एकच आडवी पट्टी काढली आहे.

१९०५ मध्ये नाताळ सरकारने झोपडीकर न भरणाऱ्या प्रौढ पुरुषांवर एक पौंड डोईपट्टी बसवली. ती भरण्याची वेळ आली, तेव्हा १९०६ मध्ये बंबाथा या झोंडी प्रमुखाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि तो चिरडताना हजारो झुलू मारले गेले. या फलकासाठी निवडलेले नाणे म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा साधा, झिजलेला चांदीचा शिलिंग. संग्राहकाच्या लेखी त्याला फारशी किंमत नाही.

१७ फेब्रुवारी २०२४

नाताळमधील भारतीयांचा फलक हा वरच्या फलकाचाच पुढचा भाग आहे, पण त्याला स्वतंत्र जागा दिली आहे. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर आणले गेले. पहिल्या वर्षाचा पगार महिना दहा शिलिंग आणि नंतर दरवर्षी एका शिलिंगाची वाढ. कराराची पाच वर्षे संपल्यावर या लोकांनी स्वतंत्रपणे राहू नये, एकतर परत जावे किंवा पुन्हा गिरमिट लिहून द्यावे, यासाठी १८९५ च्या कायद्याने त्यांच्यावर वर्षाला तीन पौंड कर लादला. नाताळ सरकारची मूळ मागणी २५ पौंडांची होती. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी ती तीनवर आणली आणि त्यालाच संमती दिली. तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग, म्हणजे नव्या मजुराचा सहा महिन्यांचा पगार. पुढे १६ वर्षांवरील मुले आणि १३ वर्षांवरील मुली यांनाही हा कर लागू झाला, तेव्हा चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला १२ पौंड द्यावे लागू लागले.

गोपाळ कृष्ण गोखले ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा प्रिटोरियात पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याशी झालेल्या बोलण्यात हा कर हाच मुख्य विषय होता. अर्थसंकल्पावरील भाषणांतून मिठावरील कराचे आकडे मांडणारा हा माणूस तीन पौंडांचा हिशेब मांडण्यास सर्वांत योग्य होता, असे म्हणता येईल. कर रद्द होणार अशी समजूत घेऊन ते परतले. सरकारने पुढच्या वर्षी तसे वचन दिल्याचे नाकारले. १९१३ च्या अखेरीस नाताळमधील कोळसा खाणी आणि मळ्यांवरील हजारो मजूर संपावर गेले आणि १९१४ च्या कायद्याने हा कर संपला. गांधीजींच्या सत्याग्रहाची चित्रे सर्वत्र मिळतात, म्हणून येथे त्यांच्याऐवजी सहा महिन्यांच्या पगाराइतके, म्हणजे ६० शिलिंग एका ओळीत मांडून दाखवणार आहोत.

२ मार्च २०२४

सहकाऱ्यांच्या आग्रहाचे सोने आज घेतले. ट्रान्सवालच्या नाण्यांची कथा रंजक आहे, हे मान्य करावेच लागते.

१८६० च्या दशकात ट्रान्सवाल या बोअर प्रजासत्ताकाने जमिनीच्या भरवशावर काढलेल्या नोटांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता आणि त्या दर्शनी किमतीच्या कितीतरी खाली गेल्या होत्या. अध्यक्ष टॉमस बर्गर्स याने १८७४ मध्ये पिल्ग्रिम्स रेस्ट येथील सोन्यातून बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीकडून ८३७ पौंड नाणी पाडून घेतली आणि त्यांवर स्वतःचा मुखवटा उमटवला. संसदेतील कट्टर कॅल्व्हिनवादी (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) सभासदांना नाण्यावरील अध्यक्षाची प्रतिमा मूर्तिपूजेसारखी वाटली. चलनाची गरज ८३७ नाण्यांनी भागणार नव्हतीच. स्वतंत्र राष्ट्राचे स्वतःचे सोन्याचे नाणे असते, हे जगाला दाखवणे एवढाच त्यांचा उपयोग होता.

१८८६ मध्ये विटवॉटर्सरँडवर सोने सापडले आणि सारे बदलले. नॅशनल बँकेला सवलत देऊन प्रिटोरियात टांकसाळ उभारण्यात आली. ती तयार होईपर्यंत १८९२ ची पहिली नाणी बर्लिनमध्ये पाडली गेली. ओटो शुल्ट्झ या कारागिराने ट्रान्सवालचा अध्यक्ष पॉल क्रूगर याचा मुखवटा कोरला आणि त्याखाली आपल्या नावाची आद्याक्षरे, ओ आणि एस, टाकली. डचमध्ये ती 'बैल' अशी वाचली जातात, हे विरोधकांच्या पथ्यावर पडले. मागच्या बाजूला बोअरांचा मानबिंदू असलेली बैलगाडी होती, पण बर्लिनच्या कारागिराने तिला टांग्यासारखे दोन दांडे दिले आणि पुढची-मागची चाके सारखीच काढली. बोअर गाडीला मधोमध एकच दांडा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बैल जुंपतात आणि मागची चाके मोठी असतात. हे न दिसणारा शेतकरी त्या देशात शोधूनही सापडला नसता. ठसे बदलून एका दांड्याची गाडी आली. शुल्ट्झचा तोच मुखवटा १९६७ पासून क्रूगररँड या सोन्याच्या नाण्याच्या एका बाजूवर छापला जात आहे.

क्रूगरचा पौंड वजनाने आणि २२ कॅरटच्या कसाने ब्रिटिश सॉव्हरिनच्या, म्हणजे एक पौंडाच्या सोन्याच्या नाण्याच्या, बरोबरीचा होता आणि दोन्ही नाणी एकमेकांच्या जोडीने चालत. राजकीयदृष्ट्या हे विलक्षण आहे: जगातील एक चतुर्थांशाहून अधिक सोने १८९८ मध्ये ट्रान्सवालमधून निघत होते, पण ते कच्च्या रूपात लंडनला जाई, तेथे शुद्ध होई आणि त्यातील काही भाग नाण्यांच्या रूपाने परत येई. प्रिटोरियाची टांकसाळ हा त्या वाटेवरचा एक लहानसा फाटा होता. खाणमालक सॅमी मार्क्स याला १८९८ मध्ये टांकसाळ वापरायला दिली असता त्याने तीन पेन्सच्या, म्हणजे टिकीच्या, ठशावर २१५ सोन्याची नाणी पाडून मित्रांना वाटली, ही कथा प्रेक्षकांना आवडेल. खाणीत उतरणाऱ्या आफ्रिकी मजुराची मजुरी तेव्हाच कमी करण्यात आली होती, हे त्याच फलकावर लिहिले जाईल, या अटीवर मी ती स्वीकारली.

११ मार्च २०२४

बोअर युद्धाचा (१८९९-१९०२) फलक. युद्ध सुरू होताच लोक नाणी दडवू लागले आणि जेथे तेथे तात्पुरता पैसा निर्माण झाला. मॅफेकिंगच्या २१७ दिवसांच्या वेढ्यात ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेलने काढलेल्या एक पौंडाच्या नोटेचे चित्र त्याने स्वतः रेखाटले होते आणि ती निळ्या छायाप्रतीच्या पद्धतीने छापली गेली. लोकांनी आठवण म्हणून त्या ठेवून घेतल्या आणि बऱ्याच नोटा बँकेत परत आल्याच नाहीत, म्हणजे न वटलेल्या नोटांचा पैसा सरकारच्याच खिशात राहिला. बुलावायोमध्ये १९०० मध्ये सुट्या पैशांची टंचाई झाली, तेव्हा मार्शल होल या अधिकाऱ्याने लहान पुठ्ठ्यांवर सनदी कंपनीची टपाल तिकिटे चिकटवून, सही करून तीच चलनात आणली. १ ऑगस्ट १९०० पासून ती दाखवणाऱ्याला तिकिटाच्या किमतीइतकी रोकड द्यावी, असे त्यावर छापलेले आहे. अपिंग्टनमध्ये १९०२ साली कापडावर नोटा छापल्या गेल्या.

बोअरांकडे सोने होते, पण यंत्रे नव्हती. जर्मनीहून मागवलेले १८९९ चे ठसे ब्रिटिशांच्या हाती लागल्याने प्रिटोरियात १८९८ च्या नाण्यांवरच एक ९ ठोकला गेला. तो आकाराने इतका मोठा होता की मुखवट्याला भिडला आणि पुढची नाणी दोन लहान नऊ ठोकून करावी लागली. त्या पहिल्या प्रकारचे एकच नाणे आहे आणि ते एके काळी इजिप्तच्या राजा फारूकच्या संग्रहात होते. जून १९०० मध्ये प्रिटोरिया पडल्यावर न छापलेल्या गुळगुळीत सोन्याच्या चकत्याच पौंड म्हणून चालल्या. १९०२ मध्ये पिल्ग्रिम्स रेस्टच्या रानात जुजबी अवजारांनी ९८६ फेल्डपौंड, म्हणजे रणभूमीवरचे पौंड, पाडले गेले. एका बाजूला प्रजासत्ताकाची गुंफलेली आद्याक्षरे आणि साल, दुसऱ्या बाजूला 'एक पौंड' एवढेच. मुखवटा नाही आणि गाडीही नाही. सोन्याच्या सर्व नाण्यांत हेच मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

२३ मार्च २०२४

मोझांबिक. १७५२ पर्यंत हा प्रदेश गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता आणि त्यानंतरही दीव-दमणच्या वाणी व्यापाऱ्यांमुळे भारताशी असलेला संबंध तुटला नाही. झांबेझीच्या खोऱ्यात भारतीय सुती कापडाचे ठरावीक मापाचे तुकडे आणि काचेचे मणी हेच चलन होते. हस्तिदंत, सोन्याची पूड आणि दुर्दैवाने माणसेही त्या मापाने विकली जात. एकोणिसाव्या शतकात उत्तर किनाऱ्यावर भारतीय रुपया इतका रुळला होता की १८८९ मध्ये पोर्तुगीज प्रशासनाने त्यालाच आपलेसे केले आणि व्हिक्टोरियाच्या मुखवट्यावर मुकुटासह पी आणि एम ही अक्षरे ठोकून तो प्रांताचे नाणे म्हणून चालवला. गोव्याच्या संग्राहकांना ज्या बांको नासिओनाल उल्ट्रामारिनोच्या नोटा परिचित आहेत, तीच बँक १८७७ पासून मोझांबिकमध्ये काम करत होती.

दक्षिण मोझांबिकची कथा वेगळी आहे आणि झोपडीकराच्या फलकाइतकीच महत्त्वाची आहे. तेथे लोबोला एके काळी लोखंडी कुदळींच्या रूपात दिला जाई. तरुण पुरुष आधी नाताळच्या मळ्यांवर, मग किम्बर्लीच्या हिऱ्यांच्या आणि शेवटी विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत जाऊ लागले आणि परतताना सॉव्हरिन आणू लागले, तेव्हा कुदळींची जागा ब्रिटिश सोन्याने घेतली. पूर्वी कुदळी आणि गुरे वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असत, आता पौंड मुलाच्या कंबरेच्या पट्ट्यात होता. लग्न कधी आणि कोणाशी, यावरची वडिलांची पकड त्यामुळे सैल झाली, पण खाणीशी बांधलेली गाठ घट्ट झाली.

पोर्तुगीजांनी या ये-जा करणाऱ्या श्रमातून सोने काढण्याची युक्ती साधली. १९२८ च्या करारानुसार मजुराच्या वेतनाचा काही भाग तो घरी परतल्यावरच देण्याचे ठरले. तो भाग पोर्तुगीज सरकारला सरकारी भावाच्या सोन्यात मिळे आणि मजुराला मात्र तेथील एस्कुडो या पोर्तुगीज चलनात मिळे. सोन्याचा बाजारभाव सरकारी भावाच्या वर गेला की फरक लिस्बनच्या तिजोरीत जमा होई. हे सोने थांबले ते १९७८ मध्ये, मोझांबिक स्वतंत्र झाल्यानंतर. आमच्या कालखंडाबाहेरचे असूनही हे साल फलकावर ठेवले आहे.

३० मार्च २०२४

जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेला अर्धा फलक पुरेसा आहे. तेथे जर्मन मार्क चालत असे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर गव्हर्नर थिओडोर झाइट्झ याने विंडहूक येथे स्थानिक नोटा काढल्या आणि ९ जुलै १९१५ रोजी जर्मन सैन्य शरण आल्यावर हळूहळू दक्षिण आफ्रिकेचे चलन आले. नाणेशास्त्राच्या दृष्टीने येथे सांगण्यासारखे थोडे आहे. १९०४ ते १९०८ मधील हेरेरो आणि नामा लोकांच्या संहाराचा उल्लेख केल्याशिवाय मात्र हा अर्धा फलकही लागणार नाही, कारण त्यांची जमीन आणि गुरे जप्त झाल्यानंतर उरलेल्यांसमोर मजुरीवाचून दुसरा मार्ग ठेवलेलाच नव्हता.

६ एप्रिल २०२४

प्रिटोरिया आणि मुंबई येथील रॉयल मिंटच्या (ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीच्या) शाखांवरचा फलक पूर्ण झाला. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ मध्ये शाखा उघडली, तिने आय हे इंग्रजी अक्षर असलेले सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले आणि तेवढ्या एका वर्षात तिचे सॉव्हरिन संपले. प्रिटोरियाची शाखा १९२३ मध्ये सुरू झाली, तिच्या सॉव्हरिनवर एस आणि ए ही अक्षरे आहेत, आणि १९३२ पर्यंत ती हे नाणे पाडत राहिली. १९४१ मध्ये शाखेची स्वतंत्र दक्षिण आफ्रिकी टांकसाळ झाली. मुंबई-पुण्याच्या संग्राहकांकडे ही दोन्ही नाणी असू शकतात, म्हणून ती शेजारी ठेवण्याची कल्पना सर्वांना आवडली.

दोन टांकसाळींच्या दरम्यानचा काळ बँकांसाठी कठीण होता. पहिल्या महायुद्धानंतर लंडनचा पौंड सोन्याच्या तुलनेत स्वस्त झाला, तर दक्षिण आफ्रिकेतील बँकांना आपल्या नोटांच्या बदल्यात पूर्ण किमतीचे सोने देणे भाग होते. साहजिकच लोक सोने घेऊन सीमेपार नेऊ लागले आणि बँका तेच सोने लंडनमध्ये चढ्या भावाने विकत घेऊन परत आणू लागल्या. यातून १९२१ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तिच्या नोटा आल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान (चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याची पद्धत) सोडले, पण दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान हर्टझोग याचे सरकार स्वातंत्र्य दाखवण्यासाठी त्याला चिकटून राहिले. शेतमालाची निर्यात बुडाली, भांडवल देशाबाहेर पळाले आणि अखेर डिसेंबर १९३२ मध्ये माघार घ्यावी लागली. पौंड स्वस्त होताच सोन्याचा स्थानिक भाव चढला आणि खाणींचा नफा एकदम फुगला. आफ्रिकी मजुरांच्या रोख मजुरीवर त्याचा परिणाम झाला नाही.

१४ एप्रिल २०२४

शेवटचा फलक: १४ फेब्रुवारी १९६१. एक पौंडाचे दोन रँड, एक शिलिंगाचे दहा सेंट. दशमान पद्धतीच्या प्रचारासाठी 'डेसिमल डॅन' नावाचे बोलके चित्र रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून फिरवले गेले. नव्या नाण्यांवरून राणी गेली आणि फान रीबेक आला. ज्या चित्रावरून ते डोके घेतले गेले ते फान रीबेकचे नसून बार्टोलोमेउस फर्माउडन नावाच्या दुसऱ्याच डच गृहस्थाचे आहे, असे कला-अभ्यासकांचे मत पुढे आले. फलकावर या प्रतिमेखाली दोन्ही नावे लिहिली आहेत.

या फलकातील गणित मात्र विनोदाचे नाही. शिलिंगाचे दहा सेंट सरळ होते, सहा पेन्सचे पाच आणि टिकीचे अडीच सेंटही जमले, म्हणून अडीच सेंटचे नाणे मुद्दाम ठेवले गेले. एका पेनीचे मात्र ०.८३ सेंट होतात. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले तेव्हा ज्यांनी दुकानात हुज्जत घातली त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. पेनी-दोन पेनीत पाव, मीठ, मेणबत्ती आणि बसचे तिकीट घेणारे लोक आफ्रिकी लोकांच्या वस्त्यांमध्ये राहत होते. घरभाडे पौंडांत भरणाऱ्यांना अपूर्णांकाचा त्रास नव्हता. फलकाच्या डाव्या बाजूला रूपांतराचा तक्ता असेल आणि पेनीची ओळ तांबड्या शाईत असेल. मजकूर मुद्रितशोधनासाठी पाठवला आहे. शिलिंगाचे छायाचित्र पुन्हा काढायचे आहे, कारण पहिल्या छायाचित्रात त्यावरची झीज नीट दिसत नाही.